देवदर्शन डोळ्यांना सोसेल का?

(श्रीविठ्ठल-रखुमाई मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेले व्याख्यान)



आज सकाळी शिखरावर कळस चढला आणि तुम्हा सर्वांच्या कष्टांचे चीज झाले. कुणी पैसा दिला, कुणी बैलगाडीने वाळूच्या खेपा टाकल्या, कुणी आपले काम बाजूला ठेवून चार-चार दिवस गवंड्याच्या हाताखाली राबले. सप्ताहाच्या पंगतींसाठी आयाबहिणींनी किती भाकरी थापल्या, त्याचा हिशेब कुणाच्या वहीत नाही, पण तो पांडुरंगाच्या वहीत असेल. या सर्वांना प्रथम माझा नमस्कार.

समितीने मला 'देवदर्शन' या विषयावर बोलायला सांगितले आहे. वरवर पाहता विषय सोपा आहे. 'जरा देवाचं दर्शन घेऊन येतो' असे आपण रोज म्हणतो. पायातले बाहेर काढायचे, घंटा वाजवायची, हात जोडायचे, तीर्थ घ्यायचे की झाले. दोन मिनिटांचे काम! पण क्षणभर विचार करा. ज्याला आपण अनंतकोटी ब्रह्मांडांचा नायक म्हणतो, तो जसा आहे तसा खरोखरच समोर उभा राहिला तर? हात जोडण्याइतकी तरी शुद्ध आपल्याला राहील का? माणसाने देव पाहावा आणि पाहून पुन्हा जिवंत घरी यावे, हे शक्य आहे का? आज मी याच प्रश्नाविषयी चार शब्द सांगणार आहे. आपल्या या नव्या गाभाऱ्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

हा प्रश्न एकट्या आपल्यालाच पडला असे नाही. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात, म्हणजेच ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारात, मोशेची कथा आहे. सिनाय पर्वतावर मोशेने देवाजवळ मागणे केले की मला तुझे तेज पाहू दे. देवाने त्याला बजावले की माझे मुख पाहून माणूस जिवंत राहत नाही. पण भक्ताला अगदी रिकाम्या हातानेही धाडले नाही. त्याला खडकाच्या कपारीत उभे केले, जवळून जाताना त्याच्यावर आपला हात धरला आणि पुढे गेल्यावर तो हात काढून घेतला. मोशेला देव दिसला, पण पाठमोरा. त्याच परंपरेतला याकोब एका रात्री अनोळखी पुरुषाशी पहाटेपर्यंत झुंजला आणि नंतर नवल करीत राहिला की देवाला समोरासमोर पाहूनही माझा जीव वाचला कसा! ग्रीक लोकांत सेमेली नावाच्या राजकन्येची कथा आहे. झ्यूस देवाकडून तिने आधी वचन घेतले आणि मग हट्ट धरला की तू खऱ्या रूपात ये. तो वीज होऊन आला आणि ती जळून गेली. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण भीती एकच आहे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे या प्रश्नाचा सविस्तर विचार गीतेच्या अकराव्या अध्यायात, विश्वरूपदर्शनात आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या तो पाठात असेल. आज तो जरा वेगळ्या बाजूने पाहू.

पाहणारा कोण, हे आधी ध्यानात घ्या. अर्जुन काही भित्रा माणूस नव्हे. किरातवेषातल्या शंकराशी झुंजलेला, स्वर्गात इंद्राच्या घरी राहून आलेला हा वीर. त्याने मागणेसुद्धा रीतीने केले. मला ते रूप पाहणे शक्य आहे असे तुला वाटत असेल तरच दाखव, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याला स्पष्ट सांगितले की या तुझ्या डोळ्यांनी ते दिसायचे नाही, आणि त्याला दिव्यदृष्टी दिली. एवढी सगळी तयारी झाल्यावर रूप प्रकट झाले.

पुढे काय झाले? पहिल्यांदा आश्चर्य वाटले. अंगावर रोमांच उभे राहिले, मस्तक आपोआप लवले. ज्याला आदि नाही, मध्य नाही, अंत नाही असे ते रूप! पण पाहता पाहता आश्चर्याची जागा भयाने घेतली. अर्जुनाला दिशा कळेनाशा झाल्या. भीष्म, द्रोण, कर्ण आणि दोन्हीकडचे वीर त्या जळत्या मुखांत शिरताना त्याला दिसले, नद्या समुद्रात शिराव्यात तसे, पतंग दिव्यावर झेपावावेत तसे. 'तू आहेस तरी कोण?' असे त्याला विचारावे लागले. जन्मभराच्या मित्राला! आणि उत्तर आले की मी काळ आहे.

मग अर्जुनाला एक फार साधी गोष्ट आठवली आणि तो रडकुंडीला आला. जेवताना, बसता-उठता, थट्टामस्करीत मी याला 'अरे कृष्णा', 'अरे यादवा', 'अरे मित्रा' अशा हाका मारल्या, त्याची तो क्षमा मागू लागला. शेवटी त्याने हात जोडून विनवणी केली की देवा, पाहिले ते पुरे झाले, तुझे ते नेहमीचे रूप मला दाखव. मंडळी, मोठ्या आवडीने जे मागितले तेच आवरून घे म्हणण्याची पाळी त्याच्यावर आली. दिव्यदृष्टीने अर्जुनाचे डोळे बदलले, काळीज मात्र त्याचे स्वतःचेच राहिले. डोळ्यांनी पाहिले ते काळजाला पेलले नाही. तो वाचला तो स्वतःच्या धीरावर वाचला नाही. देवाने दया करून रूप आवरले म्हणून वाचला. पुढे ते सौम्य मानवी रूप पाहिल्यावरच त्याचा जीव भांड्यात पडला.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरमाउलींनी नेवासे येथे गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. या ठिकाणी माउलींचे भगवंत अर्जुनाला प्रेमाने रागावतात. अमृताचा समुद्र सापडला आणि बुडून मरेन या भीतीने माणूस माघारी फिरला, तर त्याला काय म्हणावे? सोन्याचा डोंगर मिळाला, पण उचलत नाही म्हणून टाकून दिला, असे कुणी करते का? अशा अर्थाचे दृष्टांत तिथे आहेत. पण रागावून माउली थांबत नाहीत. ते भगवंतांच्या तोंडून तोडही सांगतात. कृपण माणूस चारचौघांत वावरतो, पण त्याचे चित्त पुरलेल्या ठेव्यापाशी असते. पक्षीण आकाशात फिरते, पण तिचा जीव घरट्यातल्या पंख न फुटलेल्या पिलांपाशी असतो. गाय डोंगरावर चरते, पण मन घरच्या वासराला बांधलेले असते. तसे तू बाहेरून या लहान, सुंदर रूपाचे सुख घे आणि आतून त्या विराट रूपाचे भान सोडू नकोस. मला वाटते, मूर्तिपूजेचे सगळे शास्त्र या तीन दृष्टांतांत आले. हात लहान रूपाच्या पायांवर ठेवावेत आणि चित्तात मोठ्या रूपाचे भान असावे.

विराट रूप पाहिले की माणूस सुधारतोच, असेही समजू नका. युद्ध टाळावे म्हणून श्रीकृष्ण शिष्टाईला हस्तिनापुरी गेले, तेव्हा भर सभेत त्यांनी आपले उग्र रूप दाखवले. महाभारताच्या उद्योगपर्वात ती कथा आहे. भीष्म, द्रोण, विदुर, संजय आणि ऋषिमुनी यांना भगवंतांनी दृष्टी दिली, तेवढेच पाहू शकले. बाकीच्या राजांनी भयाने डोळे मिटून घेतले. पुढे युद्ध टळले का? नाही टळले. साक्षात देव दिसला आणि दुर्योधनाने पाच गावेसुद्धा सोडली नाहीत. देव दिसणे वेगळे आणि देव पटणे वेगळे.

उलट गोकुळातली यशोदा पाहा. माती खाल्ली का म्हणून तिने लेकराला तोंड उघडायला लावले आणि त्या चिमुकल्या तोंडात तिला सारे विश्व दिसले. भागवतात पुढे काय सांगितले आहे? ती बाई वेडी झाली नाही की प्राण सोडून बसली नाही. भगवंतांनी तिच्यावर मायेची फुंकर घातली, पाहिलेले ती विसरली आणि लेकराला मांडीवर घेऊन पुन्हा आई झाली. तिला दर्शन देणे ही कृपा होती, आणि ते विसरायला लावणे ही त्याहून मोठी कृपा होती. कारण दुसऱ्या दिवशी त्याला न्हाऊमाखू कोण घालणार? ब्रह्मांडनायकाच्या अंगाला तेल लावायला कुणाचा हात धजला असता?

आता ही गोष्ट पुराणातून काढून आपल्या घरातल्या जमिनीवर ठेवतो. आपल्या डोळ्यांना रोज दिसणारा देव म्हणजे सूर्यनारायण. त्याच्याकडे भर दुपारी टक लावून पाहता येते का? तसे पाहिले तर डोळ्याच्या आतला पडदा भाजतो, आणि गंमत अशी की तिथे वेदना कळत नाही. भाजले हे नंतर दिसेनासे झाल्यावर समजते. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर, तरीही ही गत! मग त्या सूर्याला तेज देणाऱ्याची गोष्ट काय सांगावी?

पण जुन्या कौलारू घरात राहिलेल्या सर्वांना कवडसा माहीत आहे. कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप येते आणि सारवलेल्या जमिनीवर उजेडाचा गोल पडतो. फट वेडीवाकडी असते, तरी माथ्यावरच्या उन्हात कवडसा गोलच पडतो. असे का? कारण तो फटीचा आकार नसतो, तो सूर्याचा आकार असतो. ग्रहणाच्या दिवशी हा गोल कोरीसारखा होतो, कारण वर सूर्यही तसाच झालेला असतो. सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या जवळजवळ १०८ पट आहे. म्हणून बारीक फट जमिनीपासून नऊ फूट, म्हणजे १०८ इंच, उंच असली तर खालचा कवडसा साधारण एक इंचाचा पडतो. जपमाळेच्या मण्यांशी हा आकडा जुळतो ही एक मौज. त्यावरून मला काही सिद्ध करायचे नाही. सांगायचे ते हे की ज्याच्या पोटात आपल्या पृथ्वीसारखे लाखो गोळे मावतील, तो सूर्य आपल्या ओसरीवर एक इंचाचा होऊन उतरतो, आणि रांगते मूल त्याला पकडायला हात पुढे करते. त्या मुलाचा हात भाजत नाही.

आणखी एक पाहा. कवडसा मोठा व्हावा म्हणून आपण दोन कौले काढून टाकली तर काय होते? घरभर ऊन येते, पण सूर्याचे ते चित्र हरवते. फट जितकी बारीक, तितके चित्र रेखीव.

बंधूंनो, आपल्या गाभाऱ्यातली मूर्ती हा असा कवडसा आहे. कवडसा म्हणजेच सूर्य असे म्हणणारा चुकतो, आणि कवडशाचा सूर्याशी काय संबंध असे म्हणणाराही चुकतो. तो सूर्याच्याच उजेडाने पडलेला असतो. आपल्या पांडुरंगाची तर सगळी कथाच याची साक्ष आहे. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने मागे वीट सरकवली आणि देव त्या विटेवर उभा राहिला. त्याला विटेएवढी जागा पुरली. कुरुक्षेत्रावर ज्याने महावीरांना घाम फोडला, तोच इथे कमरेवर हात ठेवून वाट पाहत उभा आहे, आणि एखादी म्हातारी त्याच्या पायांवर डोके ठेवून सुनेचे गाऱ्हाणे सांगते. अर्जुनाला जी क्षमा मागावी लागली, ती आपल्या वारकऱ्याला मागावी लागत नाही. तो 'अरे विठ्ठला' म्हणून खुशाल हाक मारतो आणि देवाला ती गोड लागते.

मात्र लहान झाला म्हणून तो क्षुल्लक झाला असे नाही. आपल्या पूर्वजांनी त्याची आठवण विधीतच ठेवली आहे. प्रतिष्ठेच्या वेळचा नेत्रोन्मीलनाचा विधी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सोन्याच्या शलाकेने मूर्तीचे नेत्र उघडतात, तेव्हा समोर आरसा धरतात. देवाची पहिली दृष्टी माणसावर पडू नये, आरशावर पडावी, हा त्यातला हेतू. त्या दृष्टीने आरसा तडकतो, अशीही समजूत अनेक ठिकाणी आहे. आरसा तडकतो की नाही या वादात मी शिरत नाही. त्यामागचा भाव मोलाचा आहे. देवासमोर येताना जपून यावे, कारण तो आपल्याला सोसेल एवढाच झाला आहे.

आता प्रश्नाचे दुसरे अंग. ज्यांना देव दिसला ते सगळे वाचले का? संतांची साक्ष अशी की देह वाचतो, पण काहीतरी मरावे लागते. नामदेवमहाराजांची कथा सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य खाई, त्यांच्याशी बोले. याहून प्रत्यक्ष दर्शन ते कोणते? तरी संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले, तेव्हा बाकीचे शांत राहिले आणि नामदेव रागावले. गोरोबांनी निवाडा दिला की हे मडके अजून कच्चे आहे. रोज देव पाहणारा भक्त कच्चा कसा? कारण देव पाहूनही 'मी देवाचा लाडका' यातला मी जिवंत राहिला होता. पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले. देव जिथे नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबा म्हणाले. नामदेव पाय नेतील तिथे पिंड दिसू लागली. त्या दिवशी त्यांच्यातला तो मी गेला, आणि ज्याला देव एका विटेवरच दिसत होता त्याला तो सगळीकडे दिसू लागला.

म्हणून माझे उत्तर असे. देव पाहून माणूस जगतो, पण त्याचा अहंकार जगता कामा नये. अहंकार धडधाकट राहिला असेल तर आपण देव पाहिलाच नाही, नुसता दगड पाहिला असे समजावे.

आणि इथे मला, तुमची परवानगी घेऊन, थोडे स्पष्ट बोलायचे आहे. अकराव्या अध्यायाच्या शेवटी भगवंत सांगतात की हे दर्शन वेदाध्ययनाने होत नाही, तपाने होत नाही, दानाने होत नाही, यज्ञाने होत नाही. अनन्य भक्तीनेच मला जाणता येते, पाहता येते आणि माझ्यात प्रवेश करता येतो. दान हा शब्द त्यात स्पष्ट आहे. समोर मोठे दाते बसले आहेत. त्यांच्या उदारपणाशिवाय हा सभामंडप उभा राहिला नसता. त्यांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली आहेत, ते योग्यच झाले. पुढच्या पिढीला ती वाचून स्फूर्ती मिळेल. परंतु दानाने भिंती उभ्या राहतात, छत होते, कळस चढतो. दर्शन त्या पावतीवर मिळत नाही. पाच हजार देणारा आणि पाच रुपये देणारा यांना गाभाऱ्यासमोर एकाच रांगेत उभे राहायचे आहे.

दुसरे, पालखीला खांदा कुणी द्यावा, काकड्याला पुढे कुणी बसावे, पहिली पंगत कुणाची, यावरून गावोगाव कुजबुज चालते. आपल्या गावात ती नसेल तर आनंद आहे, आणि असेल तर ती आज इथेच थांबावी. चोखोबांना पंढरपुरात मंदिराबाहेर उभे राहावे लागले. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे. त्यांना आत घेतले नाही म्हणून त्यांचा देव हरवला का? बाहेर ठेवणाऱ्यांचाच हरवला. साडेसहाशे वर्षांचे ते अंतर मिटवण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना गावोगाव हिंडावे लागले आणि मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा दार सर्वांना उघडले. विश्वाएवढा देव आपल्याला भिववू नये म्हणून विटेएवढा झाला. त्याने स्वतः जे अंतर तोडले, ते आपण उंबरे आणि कठडे घालून पुन्हा वाढवायचे का? वेशीपलीकडच्या वस्तीतला पोरगा आषाढीच्या पालखीला खांदा देईल आणि सरपंच त्याच्या मागे टाळ घेऊन चालेल, त्या दिवशी या जीर्णोद्धाराचे काम पुरे झाले असे मी समजेन. दगडाचा जीर्णोद्धार तुम्ही केलात. मनाचा करायला वर्गणी लागत नाही, पण तो अधिक महाग पडतो, कारण त्यात स्वतःचा मीपणा द्यावा लागतो.

उद्यापासून मंडप उतरेल, पाहुणे परततील, रोजचा व्यवहार सुरू होईल. सकाळी पाण्याला जाता-येता, शेताकडे निघताना तुम्ही या दारात थांबाल. तेव्हा दोन मिनिटेच थांबा, अधिक नको. फक्त एवढे आठवा की समोर उभा आहे तो काळालाही गिळणारा आहे, आणि तुमच्या डोळ्यांना सोसावा म्हणून त्याने आपले सारे तेज आवरून घेतले आहे. मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडेही तसेच पाहा. तोही एक कवडसाच आहे.



राम कृष्ण हरी!